लाल म्हणजे झालं

समुद्रपूरच्या अलीकडे हायवे सोडून
दोन तुरीची शेतं ओलांडली की आमचं केंद्र.
सहा फूट जाडीची भिंत,
भिंतीआड विहिरीएवढं पाणी,
पाण्याच्या तळाशी कोबाल्ट.
एकदाच पाहिलाय मी, वरून :
कपड्यांच्या निळीत कुणी दिवा बुडवून ठेवावा तसा.

बाहेरच्या टेबलावर सगळं साधंच.
मिरचीपूड, धणे, वायगावची हळद,
खोक्यांची चळत, सुतळी,
आणि पुष्पकलाबाई नेवारेंच्या अंगठ्याला चिकटलेली
नखाएवढी पिवळी लेबलं.
एका खोक्याला एक.
जाताना पिवळं, येताना लाल.

"लाल म्हणजे झालं," त्या नव्या पोरींना सांगतात,
"पिवळं म्हणजे व्हायचंय.
बाकी मॅडमले पुसा."

मॅडम म्हणजे मी. हिंगणघाटची बी.एस्सी.
एकदा डबा खाताना मी सांगू पाहिलं,
की किरण लागला की लेबलात आम्ल सुटतं,
आम्लानं रंग पलटतो.
बाई भाकरी मोडता मोडता म्हणाल्या,
"म्हणजे हळदीच्या उलट.
हळदीले लाल व्हाले चुना लागते, याले आंबट."
मग थोडं थांबून,
"हळदीवर लिंबू पिळलं तर ते मागं येते.
हे येते का?"

नाही, म्हटलं. हे येत नाही.

"मंग बरं हाय," म्हणाल्या,
पण बरं का, ते सांगितलं नाही.

मे महिन्यात, शुक्रवारी दुपारी, लाइन गेली.
चाळीस खोकी लेबलं लावून तयार होती,
ती बाहेरच्या पडवीत राहिली सोमवारपर्यंत.
लेबलं अंधाऱ्या डब्यात ठेवायची असतात,
उजेड दाखवायचा नसतो,
हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं.

सोमवारी धाबर्डे ड्रायव्हरनं ट्रक मागं लावला.
"लाल आहे ना सगळं? मग चढवतो."
सगळं लाल होतं. मी पेन उघडलं.

बाईंनी खोक्यावर हात ठेवला.
"हे आत गेलंच नाही."
कशावरून?
त्यांनी नखानं दाखवलं :
लालच्या मधोमध, आडवी,
केसाहून थोडी जाड,
एक पिवळी रेघ.

सुतळीची सावली.

"आतल्याले सुतळी दिसत नाही, मॅडम.
तो खोक्यातून, भुकटीतून, भिंतीतूनबी पाहते.
सुतळीपाशी थांबते ते फक्त ऊन."

मी खोकं फोडलं. हळदीत खुपसलेली
पर्स्पेक्सची चकती बाहेर काढली,
पुसली, यंत्रात ठेवली.
दहा किलोग्रे यायला हवे होते.
आकडा पाकिटातून काढल्या दिवशीचाच,
कोरा.
डोळ्याला जे लाल दिसत होतं
ते यंत्राच्या गावीही नव्हतं.

धाबर्डे पाणी पिऊन आला, म्हणाला,
"काय झालं? लालच तर आहे."

खोकी परत आत गेली. नवी लेबलं.
रात्री साडेआठला साखळीवरून बाहेर आली,
सुतळीखाली बोट घालून बाईंनी एकेक पाहिलं.
रेघ नव्हती.
घरी जायला शेवटचा ऑटो निघून गेला होता,
धाबर्डेनं ट्रकनं सोडलं.

मी फॉर्म भरला. विचलनाचं कारण,
पुढं चार इंचांची रिकामी जागा.
उष्मा, अतिनील, प्रकाशसंसर्ग,
काहीबाही सुचत होतं;
लिहून गेले : तपन.

पंधरा दिवसांनी पुण्याहून फोन :
"हे तपन कोण? कर्मचाऱ्यांच्या यादीत नाव नाही.
कंत्राटी आहे का?"

मी फोनवर हात धरून बाईंकडे पाहिलं.
त्या डबा उघडून लेबलं मोजत होत्या,
पाठ उन्हाकडे करून, पदराच्या अंधारात.

"सांगा त्याहिले," मान वर न करता म्हणाल्या,
"होळीपासून मिरगापर्यंत ड्युटीवर असते.
हजेरी लागत नाही."