लॉनच्या मागच्या बाजूला

गिअरबॉक्स गेला मानकापूरच्या पुढे.
तोवर आम्ही दोन दिवसांचे पाहुणे होतो.
फ्रिजवर चिकटवलेली यादी:
झिरो माइल, सीताबर्डीचा किल्ला,
सिव्हिल लाइन्समधले इंग्रजांचे बंगले, संत्र्याची बर्फी.

किल्ला बंद. वर्षातून तीनदा उघडतो म्हणे,
आमचा दिवस त्या तिन्हींत नव्हता.
झिरो माइलच्या चार घोड्यांपैकी एक
निशिगंधानं वहीत काढला, पाच पायांचा.
बंगल्यांच्या फाटकांवर माणसाचं नाव बारीक,
हुद्दा मोठा.
कौलांचा एक फोटो मिळाला, तेवढ्यात शिपाई आला.

पार्ट पुण्याहून येणार होता. आठ दिवस.
टो करणाऱ्यानं गाडी आणून सोडली
शुभारंभ लॉनच्या मागं, जिथं मंडपाचे बांबू ठेवतात.
चौकीदार टेकराम बिसेन म्हणाला,
"राहा ना जी. नळ हाय. कुत्रं हाय,
पण ते लग्नाचं खाऊन लठ्ठ झालं,
भुंकाचा बी कंटाळा करते."

आमचं घर म्हणजे ही वीस फुटी ट्रॅव्हलर.
चार बर्थ, एक सिंक,
गाद्यांत अजून गोकर्णची वाळू.
विद्याधरनं व्हीआरएसचा पैसा हिच्यात घातला तेव्हा
इचलकरंजीहून आईनं विचारलेलं,
"म्हणजे तुम्हांला आता पत्ताच नाही?"
आता होता. कुरिअरवाल्याला मी तो
तीनदा सांगितला, जरा ऐटीतच:
शुभारंभ लॉन, मागचं गेट.

रोज लग्न.
रोज तोच बँड, वेगळ्या घामाचा.
रोज माइकवरून तीच विनंती,
एमएच एकतीस, पांढरी स्विफ्ट, गाडी बाजूला घ्यावी.
तन्मय म्हणे, ही एकच स्विफ्ट आहे, सगळ्या लग्नांना जाते.
टेकराम पातेलं घेऊन येई, पाटवडी-रस्सा,
"तेही पाहुणे, तुम्हीबी पाहुणे, काहून लाजून राहिले?"
रश्श्यानं विद्याधरचं टक्कल घामेजायचं.
तो दुसऱ्यांदा मागायचा.

पाचव्या रात्री दार वाजलं.
"हे मेकअपची व्हॅन होय ना?"
आम्ही नाही म्हणेपर्यंत नवरी आत होती.
"दार आतून लागते?"
लागतं, म्हटलं.
तिनं लावलं. मामी बाहेर राहिली.
विद्याधर ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन
उगाच आरसा पुसत बसला.

खालच्या बर्थवर बसली ती,
शालू गुडघ्यांपर्यंत गोळा करून,
तन्मयच्या गणिताच्या वहीशेजारी.
आता रडेल म्हणून मी पदर सरसावून तयार.
ती म्हणाली, "काही खायला आहे का? साधं."
सकाळचा दहीभात होता.
लिपस्टिक वाचवत, चमच्याच्या टोकानं,
सगळा खाल्ला.

"इथून कुठं जाणार?"
जबलपूर. मग बघू.
"बघू म्हणजे?"
बघू म्हणजे बघू, मी म्हटलं,
आणि पहिल्यांदाच मला ते उत्तर पुरेसं वाटेना.
ती मात्र हसली. मुंडावळ्या हलल्या.

"मयुरे, वरात गेटवर आली वं!"
उठली. जाताना दाराची कडी
दोनदा लावून पाहिली, दोनदा काढून,
दुकानात नवं कुलूप पाहतात तशी.
मग उतरली, आणि तिच्या अंगावर
एकदम खूप उजेड पडला.

पार्ट आला. टेकरामनं टाकी भरून दिली,
पैसे घेतले नाहीत, हॉर्न मात्र वाजवून बघितला.
कुत्रं उठून बसलं. तेवढंच.
गणिताच्या वहीत एक केसांची पिन निघाली,
तन्मय ती खूण म्हणून ठेवतो,
अजून त्याच पानावर आहे.

सिवनीला रात्री इतकं शांत होतं
की चौघांपैकी कुणालाच झोप येईना.
शेवटी वरच्या बर्थवरून, अंधारात, तन्मय म्हणाला,
एमएच एकतीस, पांढरी स्विफ्ट,
कृपया गाडी बाजूला घ्यावी.