पांढरा-निळा

निरोप फोनवरच आला, पाच ओळींचा :
'तारायंत्र'ला पंचवीस वर्षं झाली.
रविवारी चारला या.
लॅमिंग्टन रोड, साळसकर रेडिओच्या वर, चौथा मजला.
लिफ्ट नाही. गुडघ्यांना विचारून निघावं.

मी विचारलं नाही.
बत्तीस वर्षं मॅनहोलात उतरलेला माणूस,
चार जिने म्हणजे उलटं मॅनहोल.

वर सगळी पांढरी डोकी. तोंडओळख कुणाचीच नाही.
दारात एक मुलगी चिठ्ठ्या चिकटवत होती छातीवर :
नाव लिहा, आणि तुमचं पहिलं यंत्र.
फिलोमिना तुस्कानो, वसई. कॅल्क्युलेटर, मस्कतचा.
अल्ताफ दळवी. पेजर. (नंबर अजून पाठ,
विचारलं नाही तरी सांगतात.)
सुलभाबाई पाठाऱ्यांनी लिहिलं : मुलाचा होता.
पुढे काही नाही.
मी लिहिलं : वामन तांडेल, केबल जॉइंटर, हे दोन हात.
मग फुशारकी वाटली. खोडून लिहिलं : पक्कड.

तेव्हा मी वरळीला, कोळीवाड्याच्या तोंडाशी
पंधरा रुपये अर्ध्या तासाला देऊन
बातम्या वाचायचो, ड्युटीवरून आलो की,
नखांत मेण तसंच.
मोडेम किंचाळायचा, पोरं कान झाकायची,
मी कान लावायचो :
ही खरखर ओल्या जोडीची, सेंच्युरीच्या कोपऱ्यावरची,
उद्या उघडायला हवी.

आणि एका रात्री तिथेच वाचलं :
तांब्याचे दिवस भरले.
आता काचेचा धागा, केसाएवढा, उजेडावर बोलणारा.
जॉइंटर लागणार नाहीत.

दोनदा वाचलं.
मीच जोडलेल्या तारेतून
माझीच बातमी आली होती
एकही अक्षर न गळता.
खोटं कशाला बोलू, आधी अभिमान वाटला.
बाकीचं घरी जाऊन, जेवताना.

लेखात एक चूक होती.
पहिली जोडी निळी-हिरवी, असं छापलं होतं.
मी पोस्टकार्ड टाकलं :
पांढरा-निळा, पांढरा-नारिंगी, पांढरा-हिरवा,
पांढरा-तपकिरी, पांढरा-करडा.
मेलेल्या माणसाचं नाव तरी नीट लिहावं.
तिसऱ्या दिवशी दुरुस्ती आली,
खाली संपादक वर्टीकरबाईंची माफी.

त्याच बाई आज स्टुलावर उभ्या.
भाषण नाही म्हणाल्या,
पंचवीस वर्षांच्या चुका वाचून दाखवते.
'एवढ्याशा पडद्यावर बातम्या कोण वाचणार?' आम्हीच विचारलं होतं.
दळवी हसले ते थांबेनात.
सगळ्यांनी खिशातून तो पडदा काढून हलवला.
केक फ्लॉपीच्या आकाराचा, सुरी कुणी आणलीच नव्हती,
साळसकरांच्या पोराने सोल्डरिंगच्या टेबलावरची
पोलादी पट्टी पुसून दिली.
सुलभाबाईंनी एक तुकडा कागदात गुंडाळला.
कुणासाठी, कुणी विचारलं नाही.

निघताना बाईंनी माझी चिठ्ठी वाचली.
तुम्ही ते पांढरा-निळा?
मी मान हलवली.
त्यांनी एक छापलेला कागद काढला पर्समधून.
उद्याचा लेख. बातम्या आता यंत्र कसं लिहितं त्यावर.
आमच्याकडेही पुढच्या महिन्यापासून.
मीच लिहिलाय. तांडेल, रंग तपासून द्याल?

जिन्यात, पिवळ्या बल्बखाली, उभ्याने वाचला.
चूक एकही नव्हती.
तरी पेन्सिलीने एक स्वल्पविराम घातला,
परत वर जाऊन देऊन आलो.

खाली फुटपाथवर झाकण उघडं,
तीन पोरं धागा ओढत होती, पिवळ्या आवरणातला.
मला राहवेना :
फार वाकवू नका, आतला उजेड फुटतो.
एकाने वर बघून विचारलं, काका, लाइनमध्ये होता का?
होतो, म्हटलं, पण हे तिथे नाही शिकलो.
हे वाचलेलं आहे.