सोमवारचा फळा

साखर पेठेतल्या वाचनालयात
दर सोमवारी फळा मी लिहिते.
डस्टर नाही, जुन्या चादरीचा तुकडा आहे,
त्यावरचा मोर खडूनं पांढरा झालाय.

वर लिहायचं, या आठवड्यात कशाला किती वर्षं झाली.
खाली लिहायचं, मग काय वाचाल.
एवढंच. बाकी पावत्या, वाळवी,
आणि पंख्याखालच्या खुर्चीवरून रोजची भांडणं.

पहिली ओळ :
रविवारी सकाळी लागायची ती मालिका, तिला पस्तीस.
अख्ख्या चाळीत एकच टीव्ही, बोद्धूलांचा,
आणि पत्र्यावर अँटेना धरून उभा त्यांचा अंबादास.
‘आलं का?’
‘आलं… गेलं… आलं आलं, हलू नको बे!’
एकही भाग पाहिला नाही त्यानं.
त्याच्यासाठी कपाट चार, मूळ कादंबरी, मोठा टाइप.
चष्मा आणायला सांगा.

दुसरी ओळ :
एका तबकडीला साठ.
कंपनीचं नाव ठळक, गाणाऱ्या बाईचं पुसट.
रशीदाआपा हॉटेलच्या भिंतीपलीकडून ऐकून शिकल्या ते गाणं.
सुई अडकायची ‘परत’वर,
म्हणून त्यांची नातवंडं अजून झोपतात
परत परत परत परत ऐकत.
गाण्याचं नोटेशन आहे आपल्याकडे, कपाट नऊ.
पण आपा, ते तुम्ही नकाच वाचू.

तिसरी ओळ लिहिताना खडू मोडला.

गिरणीच्या मंडळानं केलं ते तीन अंकी,
त्याला या गुरुवारी पन्नास.
पेपरात येणार नाही.
लेखकानं नंतर भुसारचं दुकान टाकलं.
नायिका म्हणजे गुंडेटींचा राजेशम, दाढी दोनदा घोटलेला,
तोही गेला मागच्या गड्ड्याच्या आधी.
आणि विंगेत, स्टुलावर, कंदील घेऊन
सिद्रामप्पा कोनापुरे, कार्डिंग खातं.
छातीत कापूस बसून आवाज कुजबुजीएवढाच उरलेला,
म्हणून त्यांना प्रॉम्प्टर केलं.
घरी कानडी बोलायचे. मराठी त्यांनी
दुसऱ्यांची वाक्यं सांगून सांगून शिकली.
माझे वडील.

पुस्तक कधी छापलंच नाही.
आहे ती त्यांची वही, हजेरीपटाच्या पाठकोऱ्या कागदांची.
समासात पेन्सिल :
‘हशा येईल. आला नाही तरी थांब.’
‘राजेशम इथे विसरतो.’
आणि तिसऱ्या अंकात, मुलगा घर सोडतो तिथे,
‘भोंगा. पुरा होऊ दे.’

दयानंद कॉलेजची पोरगी आली होती शनिवारी,
एकांकिकेसाठी काही जुनं शोधत.
वही चाळली, तिथेच बोट ठेवलं.
‘मॅडम, हा भोंगा आपण वाजवायचा का?’
‘नाही गं. तो वाजायचाच. अकराचा.
नट तसेच उभे राहायचे, तोंड उघडं ठेवून.’
‘किती वेळ?’

मला सांगता येईना.
म्हटलं, मोजू या.
टेबलापाशी उभ्या राहिलो दोघी.
बाराला कुणीतरी पेपर उलटला.
एकोणीसला दारात रिक्षा थांबली,
शेंगाचटणीचं दुकान कुठं, विचारलं,
आम्ही हातानंच दाखवलं, डावीकडे.
सव्वीस. सत्तावीस.
तिनं माझ्याकडे पाहिलं, संपला का म्हणून.
मी मान हलवली.

फळ्यावर शेवटी लिहिलंय :
वही, नोंद क्रमांक नाही. घरी मिळणार नाही.
इथेच बसून वाचा,
पेन्सिलीसकट.