बुडवून ठेवलेली गाडी

अग्निशमन केंद्राच्या मागच्या अंगणात
लोखंडी हौदात एक गाडी बुडवून ठेवली आहे.
आज तिसरी रात्र. पाळी माझी आणि कोर्बिनियानची.
तो पहाटे गावाचा पाव भाजतो,
विस्तवाशी त्याचं वाकडं नाही;
पण हिचा, म्हणतो, अंदाजच येत नाही.

बोगद्याच्या तोंडाशी तिच्यावर
चाळीस हजार लिटर ओतलं,
वरच्या आळीची टाकी तळाला गेली.
ज्वाळा बसली. आम्ही हेल्मेटं काढली,
कुणीतरी थर्मासचं झाकण फिरवलं
तोच तळातून शिट्टी,
पांढरा धूर, घशाला कडू,
आणि तड तड तड,
शेजारचा सेल पेटला म्हणून हा,
हा पेटला म्हणून पलीकडचा.

एकतीस वर्षं हेच घोकलं: हवा तोड, आग मरते.
हिची हवा कुठून तोडू?
श्वास पोटात बांधूनच आली आहे.
घोंगडं टाकलं तर घोंगड्याखाली जळते,
पाणी पत्र्यावरून ओघळतं
आणि आत, जिथे ठणकतंय,
तिथे थेंब पोचत नाही.

संध्याकाळी गाडीची मालकीण आली,
नोटबुर्गाबाई, शाळेत भूगोल शिकवायच्या.
फाटकाशी उभ्या, हातात सुपाचं भांडं.
"विझली?"
कोर्बिनियान स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला.
मी म्हणालो, "थंड आहे."
त्यांनी मान हलवली; फरक कळला त्यांना.
मग म्हणाल्या, डिकीत माझ्या नवऱ्याचे डोंगरावरचे बूट होते,
सापडले तर सांगू नका.

हौदातलं पाणी सोडायचं कुठे, तेही ठरलेलं नाही.
ओढ्यात नाही, ओढ्यात मासे आहेत.
नगरपालिकेचं पत्र शुक्रवारी येईल म्हणे.

दोनला कोर्बिनियान भट्टी पेटवायला गेला.
(पेटवायला! जाताना स्वतःच हसला.)
थंडी उणे नऊ.
हौदाच्या चारी कोपऱ्यांत बर्फाचा पापुद्रा धरला,
मधोमध, ड्रायव्हरच्या सीटच्या वर,
पाणी मात्र उघडं, काळं.

एक बुडबुडा आला.
मी घड्याळ बघितलं.
बराच वेळ काही नाही. मग दुसरा.

नोंदवहीत एक रकाना असतो:
आग विझल्याची वेळ.
त्यावर बोट ठेवून बसलो थोडा वेळ,
मग पेन खिशात टाकलं
आणि खुर्ची दोन हात मागे घेतली.