पंच क्रमांक दोन

लिहा साहेब.
नाव दगा सुकलाल अहिरे, वय एकसष्ट,
धंदा दोर वळणे,
राहणार अनेरच्या अलीकडच्या काठाला.
नाव दगा असलं तरी
पाहिलं तेवढंच सांगेन.

सकाळी सातला जीप आली.
पंच हवा होता, मी ओट्यावर मोकळा दिसलो.
मोकळा तर मी पाच पोळे झाले, आहेच.
शिरपूरच्या बाजारात नायलॉनचा कासरा
हिरवा, निळा, किलोवर मिळतो.
बैलाच्या मानेचं कातडं जातं,
रंग जात नाही.

सातपुड्याच्या पायथ्याला, मक्याच्या आड,
तुम्ही झाडं मोजली : एक हजार एकशे चौदा.
मी मोजली नाहीत.
मी सोलत होतो.

हात आहेत साहेब, त्यांना कलम कुठे माहीत.
एक काडी मोडली, कट् झालं,
आणि साल सुटली बुडापासून शेंड्यापर्यंत
एकसंध.
अंबाडी अशी सुटायला
आठ दिवस डबक्यात कुजवावी लागते,
भाकरीला तिचा वास येतो.
लेंगा वर सरकवला, मांडीवर पीळ दिला.
वीतभर झाला.
तुमचा तो नवा शिपाई दोन्ही हातांनी ओढत राहिला,
कानापर्यंत लाल झाला,
दोर होता तसा.
तेव्हा तुम्ही ओरडलात,
"हाई काय करी ऱ्हायना भो? ठेव खाली.
मुद्देमाल शे तो!"

ठेवला.
गठ्ठे बांधायला तुम्ही
नायलॉन आणलं होतं.

आता पंचाला विचारत नाहीत ते सांगतो,
हवं तर लिहू नका.
शेंड्याचा गुन्हा मला मान्य.
माझा धाकटा भाऊ हिलाल
त्या चिलमीनेच नेला,
चौतिसाव्या वर्षी, पोर रांगत असताना.
तरी म्हणतो,
एक उनाड निघाला
म्हणून सगळ्या भाऊबंदांना कोठडी?

कृषी खात्याच्या खैरनार मॅडम सांगत होत्या,
नशा नसल्यात जमा, असंही वाण असतं.
दाट पेरायचं, तण डोकं वर काढत नाही,
कपाशीपेक्षा पाणी कमी,
आणि बोंडअळी आली तरी बसेल कुठे,
बोंडच नाही.
आतला भुसा चुन्यात कालवून भिंत होते म्हणे,
गार राहते.
आपल्याकडे वैशाखात पत्र्याखाली
माणूस पापडासारखा भाजतो, तिथे.
उत्तरेत, पहाडात, त्याला परवाना मिळतो.
हे सगळं त्यांनी सांगितलेलं, मी पाहिलेलं नाही.
माझी साक्ष फक्त सालीपुरती.

तुळशीत भांग म्हणतात.
तुळशीला हात जोडतो मी रोज,
पण तिचा दोर
माझ्या मांडीवर कधी वळला नाही.
आणि भांग तर माझ्या सुनेच्या केसांतही आहे,
कुंकवाने भरलेला.
तो शब्द अजून कुणी जप्त केला नाही.

यावर वर मुंबईत काथ्याकूट होईल.
होऊ द्या.
काथ्या कुटल्याशिवाय दोर होत नाही,
एवढं मला कळतं.
फक्त कुटून तसाच टाकू नका,
कुणीतरी वळायला घ्या.
परवाना द्या, शेत मोजा, दर महिन्याला येऊन तपासा,
शेंडा तुमचा,
बुडखा आमचा.

कोर्टाचा हुकूम आला की हे सगळं
ठाण्यामागे जाळाल.
माझा वीतभर तुकडा तेवढा वरच ठेवा.
सुंभ जळाला तरी पीळ जात नाही,
आयुष्यभर ऐकत आलो,
एकदा डोळ्यांनी बघेन.

अंगठा नको, सही येते मला.
कुठे करू?
आणि त्या पोराची बोटं बघा साहेब,
अजून चोळतोय.
वळ उठलाय.
त्यालाही लिहा :
पंच क्रमांक तीन.