एक झाड आधी

वेलदूरच्या जेट्टीवरून सायकल ढकलत तो आला
तेव्हा माझे हात घमेल्यात होते, पंक्चर शोधत.
मान वर न करता म्हटलं, खारं पाणी गेलंय बेअरिंगात.
त्याला मराठी कळली नाही, आवाज कळला.
त्याने तोंडाने तसाच काढला: कर्र, कर्र.
मी पण काढला.

नाव झ्बिन्येक. तीनदा सांगितलं.
माझ्या जिभेला तो चढ चढवेना,
झिब्या म्हटलं. चाललं त्याला.
देश चेक, त्याला समुद्र नाही म्हणाला,
म्हणून अंजनवेलच्या किनाऱ्यावर
सायकल पाण्यात नेली होती, म्हैस धुवायला नेतात तशी.

फणस वाजवून बघतात तशी मी फ्रेम वाजवली.
तडा नाही, ओरखडा नाही. नवीच होती.
जुनं जे होतं ते त्याच्या पायांवर.
मी विचारलं नव्हतं, त्यानेच विजार गुडघ्यापर्यंत दुमडली.
अर्धं इंग्रजी, बाकी हात.
घोट्यावरची: बारा वर्षांचा, बर्फ, काकाची सायकल, कुंपण.
नडगीवरची: देशात पहिला,
रेषा ओलांडल्यावर दोन्ही हात वर केले, आणि पडला.
गुडघ्यावरची: जगात दुसरा. फरक किती?
दोन चुटक्या वाजवल्या त्याने.
मग एकदा जगात पहिला.
त्या दिवसाची खूण नव्हती कुठेच.
ती शोधायला विजार उगाच खाली-वर करत बसला.

साखळीचं सांगायला मात्र उठून उभा राहिला.
शेवटची फेरी, तिसरा होता, आणि टक्.
सायकल खांद्यावर घेऊन पळत सुटला जंगलातून,
मुळं, दगड, उतार, लोक घंटा वाजवतायत,
पस्तिसावा!
माझ्या टपरीत टायर लटकवायला जागा नाही,
तिथे तो पळून दाखवत होता.

मी म्हटलं, आमचा हुमणे पोस्टमन
ऐन आषाढात, पोफळीच्या दोन ओंडक्यांवरून,
टपाल डोक्यावर, सायकल खांद्यावर, जाऊन येऊन रोज.
त्याला आम्ही शर्यत नाही म्हणत.
साकव म्हणतो.
साकव, तो म्हणाला. एका दमात.

दुपारी ग्रीस भरून दिलं. बघ चालवून, म्हटलं, सड्यावर.
तो चढला तो असा, की चढ आहे हे चढालाच कळू नये.
मागून माझा पोरगा मुझम्मिल, आईची लेडीज सायकल घेऊन,
निम्मा चढ चालत.
उतरताना पाखाडीवरून आधी मुझम्मिल आला,
चप्पल तुटलेली, दात सगळे बाहेर.
मग झिब्या, सावकाश, दोन बोटं ब्रेकवर.

सोडलंस का, मी हातानेच विचारलं.
त्याने पाखाडीकडेचे काजू दाखवले, एकेक करून.
एका वर्षी कळलं म्हणे,
या झाडाशी दाबायचा ब्रेक
मी त्या झाडाशी दाबतोय. एक झाड आधी.
शिकवणाऱ्याला कळलं नाही. घड्याळालाही उशिरा कळलं.
बोटांना आधी.

मी घमेल्यातलं पाणी उगाच ढवळलं.
बुडबुडे दिसत नाहीत मला आताशा,
ट्यूब गालाशी धरतो, वारा लागला की तिथे भोक.
हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
त्यालाही नाही सांगितलं.
ग्रीस आणि चार छर्रे, साठ रुपये झाले.
शंभर देऊ लागला, चाळीस परत केले.

साडेचारच्या फेरीबोटीने गेला.
तिकीट एक माणूस, एक सायकल, जे हुमणेला पडतं तेच.
बोट दाभोळकडे वळेपर्यंत मुझम्मिल उभा.
मग म्हणाला, चाचा, मी जगात पहिल्याला हरवलं ना?
म्हटलं, आधी सांग, कुठल्या झाडाशी ब्रेक दाबलास?
ब्रेक?
त्या सायकलला ब्रेक आहेत कुठे.