विचारल्यास कळवू

आमच्या इमारतीतल्या लिफ्टला नाणं लागतं.
तिबिलिसीत अजून आहेत अशा,
पैसे घेतात आणि तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये
थांबून विचार करतात.
म्हणून मी जिन्याने येते,
जुने बूट पायात, नवे पिशवीत,
आणि दारातच बदलते.

मासिकात नावं छापतात त्या पानावर
माझं सोळावं.
काम : फोटोखालच्या ओळी.

कोट, लोकर, गडद जांभळा.
पट्टा, चामडं.
किंमत : विचारल्यास कळवू.

विशेषणं मेडिया कापते. ती संपादक.
"मऊ असेल तर ते दिसेल," म्हणते.
तिचे केस तिने रागाच्या भरात कापल्यासारखे दिसतात;
त्याला रोज एक तास लागतो.

झ्विआद आला की आधी स्पीकर लावतो,
मग दिवे, मग कुणाकडे बघून हसतो.
त्याचं संगीत म्हणजे नुसती धडधड.
रात्री पुलाखालच्या क्लबात उरलेली
सकाळी इथे आणून
शिळ्या कढीला ऊत.
पण खरं सांगायचं तर
माझी बोटं त्याच ठेक्यावर पळतात :
कोट, लोकर, धड. पट्टा, चामडं, धड.

आणि खिडकीशी म्झेविनार. तिची इस्त्री
वाफेची, कोळशाच्या इंजिनासारखी फुसफुसणारी.
बावीस वर्षं कारखान्यात फौजी पँटी शिवल्या,
आता रेशमाला वाफ देते, तोंड जरा वळवून,
सर्दी झालेल्या तान्ह्या बाळाला धरावं तशी.
आणि गुणगुणते.
एकच सूर. खाली, खर्जात.
किंचित हलतो, परत येऊन बसतो.
फ्रिज असाच वाजतो, झ्विआद एकदा म्हणाला.
सगळे हसले.
मीही हसले होते, तेही लिहून ठेवते.

मार्चमधल्या एका मंगळवारी वीज गेली.
दिवे गेले, धडधड गेली,
इस्त्री एक लांब सुस्कारा टाकून गप्प झाली.
सूर तेवढा राहिला.
थांबायचं तिच्या लक्षातच आलं नाही.

तेव्हा उंच स्टुलावरची ती पोरगी,
कुताइसीची, एकोणीस वर्षांची,
कोट पाठीमागे चिमट्यांनी आवळलेला,
एक डोळा रंगवलेला, एक कोरा,
मान अजिबात न हलवता
वरचा आवाज लावू लागली.
अंधाऱ्या जिन्यात
कुणी मेणबत्ती हाताआड धरून यावं, तसा.

आणि फ्रिजचं गाणं झालं.

म्झेविनारने वर पाहिलं नाही.
फक्त इस्त्री उभी करून ठेवली.

नंतर मी विचारलं. चौथ्या वर्षी, पहिल्यांदा.
"तिघी बहिणी आम्ही," ती म्हणाली.
"थोरली सुरुवात करायची, मधली वर चढायची,
मी जमीन धरायची.
थोरली गेली.
मधली ग्रीसमध्ये कुणाच्यातरी आईला सांभाळते.
फोनवर गाऊन पाहिलं,
आवाज मागेपुढे होतात, भांडण होतं.
मग मी आपला माझा वाटा गाते."
"त्यांची जागा ठेवून?" माझ्या तोंडून गेलं.
मासिकात राहून अशी वाक्यं सुचतात.
"नाही गं," ती म्हणाली, "काम सरतं."

वीज आली. धडधड आली.
पोरीचा दुसरा डोळा रंगला.

अंक गेल्या शुक्रवारी निघाला. पान अठ्ठेचाळीस.
कोटावर एक सुरकुती नाही.
खाली सात नावं : फोटो, केस, रंग,
फुलं कुणाची, खुर्ची कुणाची.
इस्त्रीचं नाव घालायची आमच्यात पद्धत नाही.
मी घातलं होतं.
मेडियाने जागेअभावी काढलं, रागाने नव्हे.

मग 'लोकर'च्या पुढे
मी एक स्वल्पविराम जास्तीचा ठेवला.
दोन मुद्रितं वाचली गेली, तिघांनी सह्या केल्या,
तो तसाच छापून आला आहे,
वाकलेला, इस्त्रीवरच्या पाठीसारखा.

अजून कुणी विचारलेलं नाही.